मुलांसाठी देणगी देण्यापूर्वी

मुलांसाठी देणगी द्यायची असेल, तर रक्कम ठरवण्याआधी आपण का देत आहोत हे एका कागदावर लिहून काढावे. कोणाला स्वतःची अर्धवट राहिलेली शाळा आठवते, कोणाला आईवडिलांच्या स्मृतिदिनी काही करावेसे वाटते, आणि यांपैकी कोणतेही कारण हलके नाही. मात्र कारण आपले असले, तरी गरज मुलांची असते. पहिल्या वर्षी मी धडगावकडील एका शाळेला वह्या दिल्या, तेव्हा तेथील शिक्षकांनी सांगितले की, दिवाळीच्या सुमारास पालक ऊसतोडीला निघाले की मुलेही सोबत जातात आणि वह्या कोऱ्याच राहतात. आजीजवळ मागे राहू शकणाऱ्या मुलांसाठी खरी गरज दोन वेळच्या जेवणाची होती. म्हणून आधी विचारावे आणि हंगाम संपेपर्यंत दरमहा थोडे-थोडे द्यावे.

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ पासून शिकवणाऱ्या साने गुरुजींनी वसतिगृहातील मुलांना मुख्यतः आपला वेळ दिला. पैसा नसेल, तर शनिवारी दोन तास मुलांचे वाचन घ्यावे.

संस्थेची नोंदणी व लेखापरीक्षित हिशेब पाहावा आणि पावती घ्यावी. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत देणगीवर मिळणारी सवलत हवी असल्यास २००० रुपयांहून अधिक रक्कम रोखीने देऊ नये.

मदत घेणाऱ्या मुलाचे छायाचित्र कधीही मागू नये. त्याला वर्गासमोर उभे करून वस्तू देणे मला मुळीच मान्य नाही.