बाळंतपणाच्या खर्चाची वही कशी लिहायची, आमच्या चुकांसकट

किटवर दोन रेघा दिसल्या की घरात पाळण्याच्या गप्पा सुरू होतात, नावं शोधणं सुरू होतंय, पण खर्चाचं नाव कोण काढत नाही, काढलं की सासूबाई म्हणणार आत्तापासून कशाला गं ते, नाट लागंल. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत अकाउंटला आहे, दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते, आणि स्वतःच्या बाळंतपणात सातव्या महिन्यापर्यंत एक आकडा लिहिला नव्हता. त्याची किंमत मोजली. म्हणून आता कुणी गोड बातमी सांगितली की मी पेढ्याच्या आधी वही घे म्हणते. दोनशे पानी नको, चाळीस पानी बास. डाव्या पानावर काय जाणार, उजव्या पानावर काय मिळणार किंवा वाचणार.

डाव्या पानाची सुरुवात हॉस्पिटलपासून. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, पोट दिसायच्या आधी, दोन-तीन ठिकाणी जाऊन विचारायचं, आणि "नॉर्मलला किती, सिझरला किती" एवढंच विचारून परत यायचं नाही, आम्ही तेच केलं आणि तिथंच फसलो. काउंटरवरच्या मॅडमनी तोंडी दोन आकडे सांगितले, आम्ही मान हलवली. डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात आलं तर त्या आकड्याच्या खाली आणखी बऱ्याच ओळी, भूलतज्ज्ञांची फी वेगळी, बाळाच्या डॉक्टरांची व्हिजिट वेगळी, ऑपरेशन थिएटरचा चार्ज वेगळा, औषधं आणि हातमोजे-सिरिंज वगैरे वेगळं, आणि सगळ्यात खाली बाळाची स्वतंत्र फाईल. बाळाला कावीळ निघाली होती म्हणून दोन दिवस निळ्या लाइटखाली ठेवलं, त्या फाईलवर "बेबी ऑफ" आणि पुढं माझं नाव, म्हणजे अजून बारसं नाही आणि लेकीच्या नावावर खातं उघडून बाकी पण निघाली. नवरा पावसात एटीएम शोधत गेला, त्यात मशीन बंद, शेवटी त्याच्या मावसभावानं गुगल पे केलं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, त्यांनी खोटं काय सांगितलं नव्हतं, आम्हीच नीट विचारलं नव्हतं.

तर विचारायचं असं, आणि उत्तर वहीत त्यांच्यासमोरच लिहायचं, लिहिताना दिसलं की माणूस जरा नीट सांगतोय: पॅकेजमधे किती दिवस, कुठल्या रूमचे? भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ धरून का सोडून? औषधं पॅकेजमधे का बाहेरून आणायची? बाळाला काचेत ठेवायला लागलं तर दिवसाला किती, आणि ती सोय इथंच आहे का दुसरीकडं हलवायला लागणार? रात्री-अपरात्री आलो तर जादा चार्ज? डिपॉझिट किती, कार्ड-यूपीआय चालतंय का? शेवटचा प्रश्न फालतू वाटतोय, पण पहाटे तीनला तोच कामाला येतो.

आणि बजेट नेहमी सिझरचं धरा. नॉर्मल झालं तर पैसे उरले, बाळाच्या नावानं ठेवा. नॉर्मलचं धरून सिझर झालं तर ज्या दिवशी टाके दुखत असतात त्याच दिवशी उसनवारी चालू होते. कळल्यापासून हातात साधारण सात-साडेसात महिने असतात, सिझरचा आकडा प्लस बाळाच्या तीन-चार दिवसांचा आकडा, त्याला सातनं भागा, तेवढे दर महिन्याला वेगळे. आम्ही नंतर पोस्टात आरडी काढली, पण ती वरातीमागनं घोडं.

आता उजवं पान. हे लोक रिकामं सोडतात, कारण "सरकारी" म्हटलं की नाक मुरडायची सवय. आपल्याकडं कोल्हापुरात सीपीआर हे मोठं सरकारी हॉस्पिटल आहे, महापालिकेचं सावित्रीबाई फुले आणि पंचगंगा हॉस्पिटल आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून चालू आहे, त्यात सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट, सिझर असलं तरी फुकट, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, जेवण (नॉर्मलला 3 दिवस, सिझरला 7 दिवस), घरनं न्यायला-सोडायला गाडी, सगळं त्यात. पिवळं कार्ड केशरी कार्ड बघत नाहीत. गर्दी असते, हे खरं. एका खाटेशेजारी चार नातेवाईक असतात, हे पण खरं. पण अवघड केस झाली की बऱ्याचदा शेवटी सीपीआरलाच पाठवतात, म्हणजे अनुभव कुठं जास्त आहे ते तुमचं तुम्ही बघा.

बरं, प्रायव्हेटमधेच करायचं ठरवलं तरी सरकारीत नाव घाला. खूप जणींना हे माहीतच नसतंय की दोन्ही एकदम चालतंय. आशाताईंना गाठा, त्या तुमची नोंद करून माता-बाल संरक्षण कार्ड देतात, आणि त्या कार्डावर पुढचं बरंच अडकलेलं असतंय. धनुर्वाताची इंजेक्शनं, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या फुकट. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायकांची डॉक्टरकडून मोफत तपासणी असते. अंगणवाडीतनं पोषण आहाराची पाकिटं मिळतात.

मग पैसे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला 5000 मिळतात, दोन टप्प्यात, गरोदरपणाची नोंद आणि किमान एक तपासणी झाली की 3000, बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या टप्प्यातली लसं झाली की 2000. दुसरं बाळ मुलगी असेल तर 6000 एकदम. माझ्या नणंदेला राधानगरीत हे मिळालं, पण पहिला हप्ता चार महिने अडकला कारण तिचं आधार जुन्या माहेरच्या बँकखात्याला जोडलेलं आणि ते खातं बंद पडलेलं. म्हणून लग्नानंतर आधार, बँक आणि मोबाईल ह्या तीन ठिकाणी नाव एकसारखं आहे का ते तिसऱ्या महिन्यातच बघून घ्या, सातव्यात बँकेच्या लायनीत उभं राहवत नाही. उत्पन्नाची अट आहे, वर्षाला 8 लाखाच्या आत किंवा रेशनकार्ड, ई-श्रम असली कागदपत्रं, त्यातलं एक तरी लागतंय.

मला स्वतःला ती योजना नाही, कारण माझा ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, पगारातनं कट होतो. नोकरीवाल्यांनी इथं जरा थांबून वाचा. पगार 21 हजाराच्या आत असेल आणि ईएसआय जात असेल तर 26 आठवड्याची पगारी रजा ईएसआयकडनं मिळते, आधीच्या दोन कॉन्ट्रिब्युशन पिरियडमधे (एक पिरियड सहा महिन्यांचा) मिळून 70 दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन भरलेलं पायजे. ईएसआय नसेल आणि कारखान्यात किंवा दहा किंवा जास्त माणसांच्या दुकानात असाल तर मॅटर्निटी बेनिफिटचा कायदा आहे (2025 पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत घातलाय), पहिल्या दोन बाळांना तेवढीच 26 आठवडे, मागच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम केलेलं असलं की झालं. प्रसूतीच्या तारखेआधी जास्तीत जास्त 8 आठवडे घेता येतात, आणि जेवढी आधी कमी तेवढी नंतर जास्त उरते. मालक "बघू की नंतर" म्हणाला तर गोड हसून अर्ज लेखी द्या आणि कॉपीवर सही-शिक्का घ्या. व्हाउचर लावणारी बाई आहे, कागदाशिवाय माझा कुणावर विश्वास नाही.

मेडिक्लेमचं थोडक्यात. दिवस गेल्यावर पॉलिसी काढून ह्या बाळंतपणाला उपयोग नसतो, वेटिंग पिरियड असतोय, काहींचा 9 महिने तर काहींचा चार वर्षं. नवऱ्याच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर मात्र बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून चालतंय, फक्त लिमिट किती आणि बाळाचं बिल त्यात धरतात का ते एचआरला मेल करून विचारा. बाळ झालं की लगेच नाव घालायचं, त्याला पण मुदत असते.

तपासण्यांवर काटकसर करू नका, हे मी हिशेबी बाई असून सांगते. 11 ते 13 आठवड्यातली सोनोग्राफी, मग 18-20 आठवड्यातली व्यंग बघायची, शुगरची तपासणी, हिमोग्लोबिन, ह्या झाल्याच पायजेत. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाच्या बाबाचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागू शकतंय, ते महाग असतंय, डाव्या पानावर आधीच लिहून ठेवा. पैसे वाचवायचे तर आठवण म्हणून काढायच्या थ्रीडी-फोरडी फोटोवर वाचवा, आणि चॉकलेट फ्लेवरच्या पावडरीच्या डब्यावर. डॉक्टरना विचारून गोळ्या जनऔषधीतनं घ्या, घटक तेच असतात. पावडरीच्या बदल्यात मी शेंगदाणे-गूळ, मटकीची उसळ आणि अंडी खाल्ली. गंगावेशीत जाऊन धारोष्ण दूध पी असा सल्ला मला किमान सहा जणांनी दिला, पण गरोदरपणात कच्चं दूध नको, उकळूनच.

आता डोहाळजेवण. भांडण होईल पण बोलते. फुलांचा झोका, हॉल, फोटोग्राफर, रीलवाला, दीडशे ताट, एवढ्यात बाळाच्या काचेच्या पेटीचे दोन-तीन दिवस निघतात. आम्ही घरीच केलं, गल्लीतल्या बायका, ओटी, पुरणपोळी, कटाची आमटी. एकच चूक झाली, आहेर काय आणायचा ते सांगितलं नाही. सतरा झबली आली, सगळी झिरो साइज, त्यातली नऊ लेकीच्या अंगाला लागलीच नाहीत. ह्यावेळी जावेच्या कार्यक्रमात मीच व्हॉट्सॲपवर यादी फिरवली, कुणी मच्छरदाणी, कुणी रबरशीट, कुणी सहा महिन्यांच्या मापाचे कपडे, चौघींनी मिळून डायपरचा मोठा पॅक. कुणाला राग आला नाही, उलट सुटलो बाई म्हणाल्या.

खरेदी तर फार कमी लागते. जुन्या सुती साड्यांची दुपटी आणि लंगोट, नवीन कापडापेक्षा मऊ, आईला आठव्या महिन्यात शिवायला बसवा, तिला पण बरं वाटतंय. पाळणा, बाबागाडी, बाथटब नात्यात कुणाच्या तरी माळ्यावर असतोच, फक्त स्क्रू-बिजागऱ्या बघून घ्या. महाद्वार रोडला जायचंच असेल तर दोन टोपडी आणि पायमोजे घेऊन परत या, बाकी बाळ आल्यावर.

बाळंतिणीचा खुराक मात्र डाव्या पानावर ठळक लिहा. डिंक, खारीक, खोबरं, आळीव, साजूक तूप, हे सगळं लक्ष्मीपुरीत एकदम घेतलं तर परवडतंय, गल्लीच्या दुकानातनं पाव-पाव किलो आणलं तर दीडपट जातंय. मालिशवाल्या मावशींचा महिना आधीच ठरवा, आणि त्यात शेक-धुरी धरली आहे का ते पण विचारा. तसं धूर बाळाच्या खोलीत नकोच. आईचा पहिला चीक टाकू नका, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, घुटी-मध-पाणी काही नाही. पावडरच्या दुधाचा महिन्याचा खर्च एकदा मेडिकलमधे विचारून बघा, मग अंगावर पाजण्यासाठी नर्सबाईंची मदत मागायला लाज वाटणार नाही. नाहीच आलं तर जीवाला लावून घेऊ नका, तो आकडा वहीत घाला.

लसीकरण सरकारी केंद्रात फुकट आहे, बीसीजी, पोलिओ, पेंटा, रोटा, पीसीव्ही, गोवर-रुबेला सगळं. प्रायव्हेटमधे "न दुखणारी" घेतली तर ताप कमी येतो, पण हजारात जातंय. आम्ही सरकारी घेतली, दोन रात्री कुरकुर, मग खेळायला लागली. जन्माची नोंद 21 दिवसांत फुकट होते, फॉर्मवर आई-बापाच्या नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणेच द्या. बाळाचं नाव ठरलं नसेल तर वर्षभरात घालता येतंय, त्यासाठी बारसं घाईत उरकू नका. मुलगी असेल आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर लेक लाडकी योजना बघा, 1 एप्रिल 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींना जन्मानंतर 5000 आणि पुढं टप्प्याटप्प्यानं.

आठव्या महिन्यात बॅग भरून ठेवा, फाईल, दोघांचे आधार, कार्डाच्या झेरॉक्स, गाऊन, दुपटी, चार्जर. फोनमधे 102 आणि 108 दोन्ही नंबर, आणि रात्री गाडी काढणारा एक शेजारी. बॅगेच्या आतल्या कप्प्यात दहा-पंधरा हजार रोख, त्याला तोपर्यंत कुणी हात लावायचा नाही, गणपतीची वर्गणी आली तरी. आणि नवऱ्याच्या खिशात शंभराच्या नोटा वेगळ्या, कारण दारातनं बाळ बाहेर येताच वॉर्डातल्या मावशी, वॉचमन, लिफ्टवाले मामा सगळे हसत उभे असतात, आणि तेव्हा "सुट्टे नाहीत ओ" म्हणायला तोंड वर होत नाही. आमच्या वहीत हे लिहिलेलंच नव्हतं.