नीटच्या धबडग्यात मराठी-इंग्रजीचं काय करायचं?

पोरगं अकरावी सायन्सला गेलं, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, नीटचा क्लास लागला, की घरात पहिला फतवा निघतो: भाषांचं नंतर बघू. कोल्हापुरात अभ्यासिका चालवताना अशी कितीतरी पोरं पाहिली. हे ‘नंतर’ पूर्वपरीक्षेच्या आदल्या रात्री उगवतं.

आधी हिशेब बघा. नीट ७२० गुणांची, त्यात निम्मे जीवशास्त्राचे, भाषांना शून्य. पण बारावीत इंग्रजी राहिलं तर नीटचे गुण घेऊन बसा घरी. म्हणून आठवड्याचे तीन तास भाषांना. जास्त नकोत.

धडे-कविता कधीही वाचा, केएमटीच्या बसमध्ये वाचा. तोंडी परीक्षेचे २० गुण बुडवू नका.

आता खरी अडचण: लिहिणं. ‘फिजिक्सनं डोकं शिणलं की मराठी घ्या, तेवढाच विरंगुळा’ असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. मी ऐकलं होतं. आमच्या वेळी नीटच्या जागी सीईटी होती. सहा महिने नुसते उत्तरपत्रिकेतले गोल काळे केले आणि रात्री अकराला पेंगत मराठी ‘वाचलं’. पूर्वपरीक्षेत निबंधापर्यंत पोचलो तेव्हा वीस मिनिटं उरली होती, मनगट भरून आलं होतं आणि पहिल्या वाक्यापुढं दुसरं सुचेना. धडे सगळे येत होते, बरं का! हातच चालत नव्हता.

म्हणून मंगळवारी मराठी, शुक्रवारी इंग्रजी. सकाळी, ताज्या डोक्यानं, फिजिक्सच्या आधी. चाळीस मिनिटं, पेन, समोर घड्याळ, गाईड बंद. दोनच उत्तरं, त्यातलं एक स्वमताचं. गाईडमधलं स्वमत पाठ करणाऱ्यांना माझ्याकडं जागा नाही. ते तुमचं मत कसं होईल? लिहून झालं की मोठ्यानं वाचा. जिथं जीभ अडखळते ते वाक्य मोडून पुन्हा लिहा.

उरलेला वेळ रविवारी. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काय दुखतंय ते विचारा आणि त्यांच्याच शब्दांत दहा ओळी लिहा. एका पोरीनं लिहून आणलं, ‘आजीच्या छातीत दुखते.’ परत पाठवली. आजी म्हणाली होती, “जेवून आडवी झाले की छातीवर पाटा ठेवल्यागत हुतंय.” पोरीनं जेवण गाळलं, आडवं होणं गाळलं, पाटाही गाळला. उद्या कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या ओपीडीत राधानगरीहून आलेला पेशंट असंच बोलणार, आणि निदानाचा धागा त्या गाळलेल्या शब्दांतच असणार. एमबीबीएसला २०१९ पासून रुग्णाशी कसं बोलावं हे एटकॉम नावानं शिकवतात. तुमची सुरुवात आजीपासून होऊ दे.

जानेवारीत दोन्ही भाषांचे पूर्ण तीन तासांचे दोन-दोन पेपर सोडवा. बोर्डाचा शेवटचा भाषेचा पेपर झाला की वह्या माळ्यावर टाका आणि नीट होईपर्यंत त्यांचं तोंड बघू नका.