विंडोज ११ केल्यावर मॉनिटरवर ‘नो सिग्नल’: माझा अनुभव

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून ११ वर आलो. लॅपटॉपचा स्क्रीन ठीक, पण एचडीएमआय केबलनं जोडलेला मॉनिटर काळा, ‘नो सिग्नल’.

केबल बदलली, विंडोज+पी दाबून ‘एक्स्टेंड’ केलं, ढिम्म. मडगावच्या दुरुस्तीवाल्याचं निदान: खाऱ्या हवेनं पोर्ट गंजला. वैताग आला. पण लॅपटॉप सुरू होताना कंपनीचा लोगो मॉनिटरवर दिसायचा आणि विंडोज येताच गायब! म्हणजे पोर्ट, केबल धडधाकट, घोळ ग्राफिक्स ड्रायव्हरचा (विंडोजला स्क्रीनवर चित्र दाखवू देणारं सॉफ्टवेअर).

आधी लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा, विंडोज ११ चा ग्राफिक्स ड्रायव्हर उतरवून ठेवा. मग वायफाय बंद करा (नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घालतं) आणि एचडीएमआय काढा. स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर्स. ग्राफिक्सच्या नावावर राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’. ड्रायव्हर काढण्याच्या चौकटीत टिक हवीच. स्क्रीन क्षणभर काळा होतो, अक्षरं मोठी दिसतात, घाबरू नका. रीस्टार्ट, उतरवलेला ड्रायव्हर इन्स्टॉल, पुन्हा रीस्टार्ट. आता केबल जोडा, विंडोज+पी, ‘एक्स्टेंड’.

मॉनिटर लागला की वायफाय सुरू करा.