‘हे कशावरून?’: सोसायटीच्या ऑडिटमधली माझी पहिली दोन वर्षं

बी.कॉम.ला ऑडिटची व्याख्या मी मार्कांपुरती पाठ केली होती. ती पहिल्यांदा कळली ठाण्यातल्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या जिन्याखालच्या खोलीत. एका कोपऱ्यात गणपतीच्या मखराचं थर्माकोल, दुसऱ्यात व्हाउचरच्या, म्हणजे एकेका खर्चामागच्या कागदांच्या, फायली. ज्यांच्याकडे मी ऑडिट शिकत होते त्या सरांनी हातात हिरवं पेन दिलं आणि म्हणाले, “किर्दीशी ताडून टिक करत जा.” किर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही.

दोन तासांत मी फाइल हातावेगळी केली. सरांनी टाकीसफाईच्या साडेचार हजारांच्या नोंदीवर बोट ठेवलं. “हे कशावरून?”

“सही आहे ना, सर.”

“कुणाची?”

खजिनदारांची होती. पैसे देणाऱ्याचीच. घेणाऱ्याची सही नव्हती, बिलही नव्हतं. मी फक्त आकड्याशी आकडा जुळवला होता. आकडे जुळवायला आता सॉफ्टवेअर आहे, त्यासाठी माणूस लागत नाही.

नव्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ऑडिटर चोर पकडायला येतो. सोसायटीवालेही तसंच समजतात, म्हणून आधी चहा येतो, मग बटाटेवडे. खरं काम त्याहून रूक्ष आहे. वहीतल्या आकड्याला वहीबाहेरचा कुणी दुजोरा देतो का, एवढंच बघायचं. बँक देते का, बिल देणारा देतो का, सभेचं इतिवृत्त देतं का.

तपासणीची दिशाही महत्त्वाची, हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि तिथेच राहून जातं. किर्दीतून व्हाउचरकडे गेलात तर खोटा खर्च सापडतो. पण न लिहिलेली जमा अशी कधीच सापडणार नाही, कारण ती किर्दीत नाहीच! त्यासाठी उलटं निघायचं, पावतीपुस्तकातून किर्दीकडे. एका सोसायटीत हॉलच्या भाड्याचं पावतीपुस्तक मी असं पाहिलं, तर मधल्या अकरा पावत्यांची जमा कुठेच नव्हती. ते पैसे वॉचमनच्या दिवाळी बक्षिशीत परस्पर गेले होते. कुणी खिशात घातले नव्हते, पण जमाही लपली आणि खर्चही. तेव्हापासून मी कोणत्याही संस्थेत आधी पावतीपुस्तकांचे अनुक्रमांक मागते.

दुसरा धडा मुदत ठेवींचा. एका सोसायटीच्या ताळेबंदात सिंकिंग फंडाची, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी राखलेल्या निधीची, आठ लाखांची ठेव होती. खजिनदार काकांनी पावतीची झेरॉक्स दाखवली. मूळ पावती म्हणे लॉकरमध्ये. काका निवृत्त शिक्षक, बोलायला गोड, मला संकोच वाटला. सरांनी शांतपणे बँकेच्या नावे शिल्लकदाखल्याचं पत्र लिहून घेतलं आणि उत्तर थेट आपल्या ऑफिसात मागवलं. ठेव आठ महिन्यांपूर्वीच मोडलेली निघाली. लिफ्ट बंद पडली होती, पैसे तिच्यात गेले होते, आणि सर्वसाधारण सभेची मंजुरी नव्हती म्हणून काकांनी नोंदच केली नव्हती. लिफ्टचं बिल मात्र जपून ठेवलेलं.

‘सत्यम’ या आयटी कंपनीतल्या घोटाळ्याची गोष्ट तुम्ही वाचली असेल. 7 जानेवारी 2009 रोजी तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून फुगवलेल्या हिशेबांची कबुली दिली, त्यात मोठा हिस्सा अस्तित्वातच नसलेल्या रोख आणि बँक शिल्लकेचा होता. म्हणून बँकेचं उत्तर संस्थेच्या हातून घ्यायचं नसतं. रक्कम आठ लाख असो वा हजारो कोटी.

मग ऑडिटचा उपयोग काय? महाराष्ट्रात सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार ते करावंच लागतं. 31 मार्चला वर्ष संपलं की चार महिन्यांत लेखापरीक्षण, 30 सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा. दोष निघाले तर समितीने ‘ओ’ नमुन्यात दुरुस्ती अहवाल द्यायचा. पण कायद्यापलीकडचा उपयोग मला सभेत दिसला. लिफ्टचा मुद्दा अहवालात आल्यावर सभेत आरडाओरडा झाला, मग खर्चाला मंजुरी मिळाली आणि ठेव पुन्हा उभी करायला दरमहा वर्गणी ठरली. काका सुटले, असंच म्हणावं लागेल. आठ महिने त्या माणसाला झोप कशी लागली असेल कोण जाणे.

ज्यांना या वाटेने यायचंय त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. सहकारी संस्थांच्या ऑडिटसाठी सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि लेखा यांतली शासकीय पदविका) परीक्षा आहे. पुढे अनुभवाची अट पूर्ण करून लेखापरीक्षकांच्या नामतालिकेवर, म्हणजे सरकारमान्य यादीवर, यावं लागतं. सी.ए. करणार असाल तर आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए.च्या हाताखालची उमेदवारी, 2023च्या नव्या योजनेपासून तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. सुरुवातीचे पैसे कमीच, जूनमध्ये रविवारही नाही. शक्य असेल तर छोट्या ऑफिसात शिका. मोठ्या ठिकाणी वर्षभर एकच खातं हातात येऊ शकतं, छोट्या ठिकाणी तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) जुळवण्यापासून ताळेबंदापर्यंत सगळं तुमच्यावर पडतं.

संकोच मात्र आपोआप जात नाही. वडिलांच्या वयाच्या माणसाला “मूळ पावती दाखवता का?” असं विचारताना माझा आवाज अजूनही थोडा खाली येतो. म्हणून मी यादी आठवडाभर आधीच पाठवून देते, सगळ्यांना तीच. आणि वडे दुपारी, काम संपल्यावर खाते.