दिवेघाटाच्या वर घर घेतलंत? आधी लॉनखालची माती बघा

वऱ्हाडातून पुण्यात येऊन मला सव्वीस वर्षं झाली. पहिली बारा कर्वेनगरात भाड्याच्या घरात गेली. मग दिवेघाट चढून सासवडच्या अंगाला पाच गुंठे घेतले आणि तिथे घर बांधलं. आता आपल्याकडची बरीच मंडळी याच बाजूला प्लॉट घेताहेत. वास्तुशांत झाली, पहिला पावसाळा सरत आला की फोन ठरलेला: "भाऊ, रात्रीतून कोणीतरी सगळं लॉन उकरून ठेवलंय!" म्हणून एकदाचं नीट लिहितो.

हा पुरंदरचा माळ पर्जन्यछायेतला आहे. मुळशी-लोणावळ्याचा पाऊस डोळ्यांपुढे ठेवून इथे येऊ नका. खुरटं गवत, बोरी-बाभळी, मुरमाड जमीन. कागदोपत्री याला पडीक म्हणतात. पण लांडगा, तरस, खोकड यांचं हेच घर आहे. खोकड म्हणजे आपल्याकडे काहीजण लोमडी म्हणतात ती. कोल्हा वेगळा. कोल्हा अंगाने बराच मोठा, तर खोकड जेमतेम मांजरापेक्षा थोडं थोराड, दोन-तीन किलोचं, मोठ्या कानांचं. झुपकेदार शेपटीचं टोक काळं असतं.

माझ्या लॉनमध्ये पहिल्यांदा खड्डे पडले ते सप्टेंबरात. नारळाची अर्धी वाटी बसेल एवढे, एकाच रात्रीत सतरा. मी गल्लीतल्या कुत्र्यांवर राग काढला आणि माळीदादांच्या सांगण्यावरून तिखट टाकलं. पहाटेच्या सरीत ते वाहून गेलं आणि दुसऱ्या दिवशी खड्डे वाढले. तिखट टाकू नका. मुक्या जनावराच्या नाकाडोळ्यांची आग होते आणि हाती काही लागत नाही.

शेवटी एका पहाटे खिडकीत बसून राहिलो. साडेचारच्या सुमारास कुंपणाच्या फटीतून एक खोकड आत आलं. चार पावलं चाललं, थांबलं, मान कलती करून दोन्ही कान जमिनीकडे वळवले. मातीखालचं काहीतरी ऐकत होतं! मग पुढच्या पायांनी तीन-चारदा भराभर उकरलं, तोंड खुपसलं आणि काहीतरी चावत पुढे गेलं. उजाडल्यावर तिथेच खुरपं घातलं. हिरवळ सतरंजीसारखी गुंडाळत वर आली, मुळं शिल्लकच नव्हती. खाली तपकिरी डोक्याच्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या. फूटभर जागेत नऊ मोजल्या. हुमणी! उसाच्या शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल ती काय चीज आहे. लॉन हुमणीने आधीच मारलं होतं, खोकड फक्त तिला वेचायला येत होतं.

म्हणून हुमणीवर काम करा. वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. त्या आठवड्यात फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडा आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. एक मादी मारली की पुढची कितीतरी अंडी टळतात. या दिवसांत अंगणात रात्रभर हॅलोजन लावू नका. खोकड पळवायला म्हणून दिवा लावतात, त्यावर भुंगेरे येतात आणि खालच्याच लॉनमध्ये अंडी घालतात. एका शेजाऱ्यांकडे हे डोळ्यांनी पाहिलंय.

शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या. ट्रॉलीतून आलेलं ओलं, गरम शेण म्हणजे पैसे देऊन विकत आणलेली हुमणी. जून-जुलैत मेटारायझियम ही उपयोगी बुरशी चांगल्या कुजलेल्या खतात मिसळून ओल्या मातीत द्या. अशी जैविक औषधं पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मिळतात. कोणी थिमेट हे कीटकनाशक सुचवलं तर साफ नाही म्हणा. त्यातल्या फोरेटवर 2020 च्या अखेरपासून देशात बंदी आहे, आणि त्याने मेलेली अळी साळुंकी खाते, खोकड खातं.

बाकी सवयीच्या गोष्टी आहेत. लॉनला पाणी सकाळी द्या. संध्याकाळी दिलं की रात्री गांडुळं वर येतात आणि खोकडालाही ते माहीत असतं. गुलाबाला बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा, घातलंत तर वासाने तिथेही उकरलं जाईल. कुत्र्याचं उरलेलं खाणं रात्री बाहेर ठेवू नका. नव्याने लावलेल्या पट्ट्यावर कोंबडीची जाळी आडवी अंथरून खुंट्यांनी पक्की करा, गवत तिच्यातून वर येतं. कुंपणाची जाळी फूटभर जमिनीत गाडा आणि खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवा. एवढं माझ्याकडे पुरलं.

अख्खा पट्टा नांगरल्यासारखा उलथलेला असेल तर ते रानडुक्कर. बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग असेल तर घूस. त्यांचे उपाय वेगळे.

प्लॉटच्या कडेला बीळ दिसलं तर ते बुजवू नका, विशेषतः फेब्रुवारी ते एप्रिल. आत पिल्लं असू शकतात. पिंजरा, फासा, विष यांचं तर नावच काढू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने खोकडाला संरक्षण आहे. दिवसाढवळ्या झिंगल्यासारखं, लाळ गळत फिरणारं जनावर दिसलं तर मुलांना घरात घ्या आणि वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा. चावा बसलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि तडक लस घ्यायला जा. आपल्या कुत्र्यालाही दरवर्षी लस टोचून घ्या. रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग आपल्या कुत्र्यांकडून माळावर जातात, त्यात खोकडं मरतात.

माझ्याकडे आता वर्षाला चार-पाच खड्डे पडतात. सकाळी चहा झाला की मी ते पायाने दाबून टाकतो. गेल्या जानेवारीत बोरीखाली त्याची विष्ठा सापडली, नुसत्या बोरांच्या बिया आणि भुंग्यांचे चकाकते पंख. नातीला काडीने उलगडून दाखवली. तेव्हापासून आली की ती आधी बोरीखाली बघायला पळते.