विमानाचे पॉइंट्स साठवत बसू नका: नाशिकहून सतत उडणाऱ्यांसाठी

मी अंबडच्या एका पॅनल बनवणाऱ्या कंपनीत सेल्सला आहे, महिन्यात तीन-चार वेळा विमान होतंच, कधी ओझरहून (नाशिकचं विमानतळ) दिल्ली नाहीतर हैदराबाद, कधी रात्री दोनला गाडी काढून कसारा घाट उतरून मुंबई. बारा वर्षं झाली हे चालू आहे. या बारा वर्षांत पॉइंट्स, माइल्स (एअरलाइन नेहमीच्या प्रवाशाला देते ते, तिकिटाला पैशांऐवजी चालतात), सिल्व्हर, गोल्ड (जास्त उडणाऱ्याला मिळणारे दर्जे, यांनाच टियर म्हणतात) सगळं करून झालंय आणि त्यात जे शिकलो ते इथे नीट लिहून ठेवतोय, कारण आमच्या ग्रुपमधली अर्धी माणसं अजून पॉइंट्स साठवत बसलीयेत आणि दर सहा महिन्यांनी कुठला तरी प्रोग्रॅम काहीतरी कापतो की मग फोन करतात.

आधी माझं झालं ते सांगतो. बाबा ओझरच्या एचएएलमधून रिटायर झाले, उभं आयुष्य विमानाच्या पत्र्याला हात लावण्यात गेलं पण स्वतः बसले ते इकॉनॉमीत, तेही दोनदाच. बहीण लंडनला असते. आई-बाबांना बिझनेस क्लासने तिच्याकडे पाठवायचं म्हणून मी चार वर्षं एका एअरलाइनचे पॉइंट्स साठवत होतो. दोघांचे मिळून एका बाजूचे १,६०,००० लागायचे, माझ्याकडे १,५१,००० झाले होते, दिवाळीपर्यंत पुरे होणार होते. एका सोमवारी सकाळी चहा घेता घेता ॲप उघडलं, तीच तारीख, तेच विमान, आकडा २,२०,०००. मला वाटलं काहीतरी चुकलंय, परत लॉगिन केलं, लॅपटॉपवर बघितलं, तोच आकडा. मेल आला होता म्हणे महिनाभर आधी, "आमच्या सदस्यांसाठी नवीन आणि अधिक चांगला अनुभव" अशा मथळ्याचा, मी न वाचताच पुढे ढकलला होता. बाबा म्हणाले, "अरे जाऊ दे, इकॉनॉमी पण तिथेच उतरते." मला मात्र ते फार लागलं.

तर पहिली गोष्ट ही समजून घ्या की पॉइंट म्हणजे बँकेतला पैसा नाही. त्याचा भाव ठरवणारी तीच एअरलाइन, बदलणारी तीच, आणि अटींमध्ये आपण टिक करून मान्य केलेलं असतं की त्यांना वाटेल तेव्हा बदलता येईल. आपल्याकडे लोक कांदा चाळीत ठेवतात, महिन्यागणिक वजन घटतं हे माहीत असतं, पण निदान भाव चढायची आशा असते. पॉइंटचं नुसतं वजन घटतं.

हे का होतं तेही सांगतो, म्हणजे राग योग्य ठिकाणी जाईल. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली मे महिन्यात हे माइल्सचं प्रकरण मोठ्या प्रमाणावर सुरू केलं तेव्हा हिशोब सरळ होता, रिकाम्या जाणाऱ्या सीटा नेहमीच्या गिऱ्हाइकाला द्यायच्या. आता एअरलाइन बँकांना पॉइंट्स विकते, बँक ते क्रेडिट कार्डवाल्यांना वाटते, त्यामुळे पॉइंट्स ढिगाने झाले आणि रिकाम्या सीटा तेवढ्या राहिल्याच नाहीत. हा धंदा किती मोठा आहे बघा, कोविडमध्ये २०२० साली युनायटेडने आपला माइल्सचा प्रोग्रॅम तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. आणि न वापरलेले पॉइंट्स कंपनीच्या वहीत देणं म्हणून दिसतात, ते देणं हलकं करायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे तिकिटाला लागणारे पॉइंट्स वाढवणं. दुसरा रस्ता, किती किलोमीटर उडालात त्यावर नाही तर किती पैसे मोजलेत त्यावर पॉइंट्स द्यायचे. डेल्टाने २०१५ ला ते केलं, आपल्या एअर इंडियाने २०२४ ला, आणि ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५ पासून टियरसुद्धा खर्चावर नेलं, तिथे गोल्डला आता वर्षाला २०,००० टियर पॉइंट्स लागतात आणि साधारण एका पौंडाला एक पॉइंट असा हिशोब आहे. नाशिकच्या नोकरदार माणसाने हे गोल्ड सोडून द्यावं, स्पष्ट सांगतो.

आता कामाचं.

आज संध्याकाळी बसून एक यादी करा. वही चालेल, एक्सेल चालेल. प्रोग्रॅमचं नाव, मेंबर नंबर, पॉइंट्स किती, एक्सपायरी कधी आणि कशी, म्हणजे ठरलेल्या तारखेला जातात का अकाउंटवर काही हालचाल झाली नाही तर जातात, हा फरक बघाच, कारण दुसऱ्या प्रकारात छोटीशी काहीतरी कमाई करूनही सगळे वाचवता येतात. घरच्या सगळ्यांची अकाउंट्स त्यात घ्या.

मग एका पॉइंटची किंमत काढा. सोपं आहे. समजा दिल्लीचं तिकीट रोखीने ६,४०० आहे आणि पॉइंट्सने घेतलं तर १२,००० पॉइंट्स अधिक १,००० रुपये टॅक्स. म्हणजे वाचले ५,४००, भागिले १२,०००, एक पॉइंट ४५ पैशांचा. त्याच तिकिटाला पुढच्या वेळी १५,००० मागितले की तो ३६ पैशांवर आला. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेत, तुम्ही तुमच्या नेहमीच्या दोन-तीन रूटवर दर तीन महिन्यांनी हेच गणित करून यादीत लिहा. आजकाल बरेच प्रोग्रॅम कुठल्या रूटला किती पॉइंट्स याचा ठराविक चार्ट ठेवतच नाहीत, रोज भाव हलतो, म्हणजे ते कापाकापी करतात तेव्हा मेलसुद्धा येत नाही, तुमच्या यादीतला आकडाच तुम्हाला सांगणार.

यातून निघतो तो माझा मुख्य नियम: एका ठरलेल्या प्रवासाला लागतील तेवढेच साठवा, झाले की त्याच आठवड्यात तिकीट काढा. "कधीतरी युरोपला जाऊ" यासाठी साठवू नका. अवॉर्ड सीटा, म्हणजे पॉइंट्सवर मिळणाऱ्या सीटा, बऱ्याच एअरलाइन्स साधारण ३३० ते ३६० दिवस आधी उघडतात, म्हणजे पुढच्या मे महिन्याचं तिकीट यंदाच्या जूनमध्ये बघायला लागायचं. कॅन्सल करायची फी किती ते आधी वाचा, बहुतेक वेळा थोडे पैसे कापून पॉइंट्स परत येतात, त्यामुळे प्लॅन शंभर टक्के पक्का नसला तरी सीट धरून ठेवणं फायद्याचं. बदलाचा मेल आला आणि त्यात तारीख दिली असेल तर त्या तारखेच्या आत बुक केलेल्या तिकिटाला सहसा जुनाच दर लागतो, म्हणून असले मेल प्रमोशन्सच्या फोल्डरमध्ये जाऊ देऊ नका, माझं नुकसान तिथेच झालं.

आई-बाबांचं शेवटी काय केलं तर जाताना एकालाच पुरतील एवढे पॉइंट्स होते, आईचे गुडघे दुखतात म्हणून आईला बिझनेस, बाबांना त्याच विमानात रोखीने इकॉनॉमी. येताना दोघांनाही इकॉनॉमी. याचं कारणही ऐकून ठेवा, लंडनहून निघताना ब्रिटन सरकारचा एअर पॅसेंजर ड्यूटी म्हणून टॅक्स लागतो आणि वरच्या क्लासला तो जास्त असतो, शिवाय काही एअरलाइन्स पॉइंट्सच्या तिकिटावरही सरचार्ज लावतात. त्यामुळे "फुकट" तिकिटाचे पैसे शेवटच्या स्क्रीनवर बघितल्याशिवाय खूश होऊ नका.

आता नाशिककरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. ओझरहून बहुतेक उड्डाणं इंडिगोची आहेत. आपल्यातले कितीतरी जण दुसऱ्या एअरलाइनचा टियर टिकवायचा म्हणून ओझरहून सरळ विमान असताना मुंबईला जातात, मीही केलंय हे. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून तर हा मोह अजून वाढलाय, पटकन पोचतो म्हणतात. पण हिशोब मांडा. टॅक्सी एका बाजूचे चार-साडेचार हजार, टोल, आमणेच्या पुढे मुंबईच्या ट्रॅफिकसाठी धरलेला जास्तीचा तास-दीड तास, रात्रीची मोडलेली झोप आणि दुसऱ्या दिवशी कस्टमरसमोर जांभया. बदल्यात मिळतात तीनचारशे रुपयांचे पॉइंट्स आणि टियरचा एक टप्पा. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच, आणि कोहळा आपला जातोय. वेळ आणि भाव जुळत असेल तर ओझर, बास. इंडिगोने ब्लूचिप हा स्वतःचा पॉइंट्सचा प्रोग्रॅम २०२४ साली आणलाय, त्यात नाव घालून ठेवा, उडणारच आहात तर जे मिळेल ते घ्या, पण त्यासाठी तिकीट निवडू नका.

टियरचं असंच. टियरमुळे जे मिळतं त्यातलं मागच्या वर्षी खरंच काय वापरलं ते लिहा. जास्तीची बॅग किती वेळा लागली, लाउंजमध्ये किती वेळा बसलात, अपग्रेड किती वेळा मिळालं. माझं उत्तर होतं बॅग दोनदा, लाउंज सहा वेळा, अपग्रेड एकदा. याची बाजारभावाने किंमत पाच-सहा हजारांच्या वर जाईना, आणि तो टियर राखायला मी डिसेंबरमध्ये उगाच दोन चकरा मारायचो.

लाउंजसाठी कार्डावर अवलंबून असाल तर दर तिमाहीला अटी बघा. बऱ्याच बँकांनी आता आधीच्या तिमाहीत अमुक खर्च केला तरच लाउंज असं केलंय, आयसीआयसीआयने १ एप्रिल २०२४ पासून बऱ्याच कार्डांना ३५,००० ची अट घातली होती. एकदा मुंबईला मी साहेबांना घेऊन लाउंजच्या काउंटरवर उभा, मशीनमध्ये कार्ड घातलं, ती मुलगी हळूच म्हणाली, "सर, एलिजिबल नाही दाखवतंय." मागे रांग होती. वडापाव खाऊन गेटवर बसलो, तेव्हापासून निघायच्या आदल्या रात्री बँकेच्या ॲपमध्ये बघूनच निघतो.

कार्डाचे पॉइंट्स एअरलाइनकडे घाईने पाठवू नका. एकदा गेले की सहसा परत येत नाहीत. आधी सीट दिसू दे, तारीख ठरू दे, ट्रान्सफरला किती वेळ लागतो ते बघा, काहींना लगेच होतं, काहींना दिवस जातात, मग पाठवा. पण बँकेतच वर्षानुवर्षं ठेवणंही धोक्याचं, ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचा ट्रान्सफरचा दर सप्टेंबर २०२३ ला ५ पॉइंट्सला ४ माइल्स वरून ५ ला २ वर आला, म्हणजे पॉइंट्स तेवढेच आणि माइल्स एकदम निम्मे.

आणि एअरलाइनच गेली तर? जून २०१८ मध्ये जेट एअरवेजने सरकारच्या उडान योजनेखाली ओझर-दिल्ली सुरू केलं तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे वाटले होते. १७ एप्रिल २०१९ ला जेट बंद पडलं. प्रोग्रॅम वेगळ्या कंपनीत होता म्हणून पॉइंट्स इंटरमाइल्स या नावाने जगले, पण ज्या विमानासाठी जमवले ते विमानच नव्हतं. उलट विस्तारा एअरलाइनचं नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीनीकरण झालं तेव्हा पॉइंट्स एकास एक नव्या खात्यात गेले. अशी बातमी आली की त्या दिवशीच्या बॅलन्सचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, बाकी सगळं नंतर.

एक बारीक गोष्ट, आपल्या मराठी लोकांना हमखास नडणारी. पासपोर्टवर आपलं नाव आणि वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र गिव्हन नेममध्ये असतं, आडनाव वेगळं. अकाउंट उघडताना आपण नुसतं पहिलं नाव आणि आडनाव टाकतो, ऑफिसचा ट्रॅव्हल एजंट पासपोर्टवरून पूर्ण नाव टाकतो, नावं जुळत नाहीत आणि पॉइंट्स जमा होत नाहीत. आईचे लंडनचे असेच अडकले होते, तीन मेल गेले त्यात. अकाउंटवरचं नाव पासपोर्टसारखंच करून घ्या आणि एजंटला मेंबर नंबर व्हॉट्सॲपवर न देता मेलवर द्या म्हणजे पुरावा राहतो. बोर्डिंग पास पॉइंट्स जमा होईपर्यंत फेकू नका, न जमा झालेल्या पॉइंट्सचा क्लेम करायला मुदत असते, मी पंधरा दिवसांत करून टाकतो.

शेवटी तक्रार. नुसता दर वाढवला म्हणून भांडून हाती फारसं लागत नाही, अटी त्यांच्या बाजूने असतात. पण कन्फर्म झालेलं पॉइंट्सचं तिकीट रद्द केलं, जमा झालेले पॉइंट्स कारण न देता काढले, पैसे देऊन घेतलेला फायदा दिला नाही, तर सोडू नका. आधी एअरलाइनला लेखी, उत्तर नाही आलं तर एअरलाइनचाच तक्रारींसाठी नेमलेला नोडल ऑफिसर, मग विमान मंत्रालयाचं एअरसेवा हे तक्रारीचं पोर्टल, ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही नाही झालं तर २०१९ च्या ग्राहक कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस करता येते, म्हणजे कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असलं तरी तुम्ही नाशिकच्या जिल्हा आयोगात जाऊ शकता, वकील लागतोच असंही नाही.

दर वाढल्याबद्दलही एक मेल मात्र प्रत्येकाने टाकावा असं मला मनापासून वाटतं. डेल्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये सगळ्यात वरच्या टियरची अट वर्षाला ३५,००० डॉलर खर्चावर नेली, लोक इतके चिडले की त्यांच्या सीईओंनी आम्ही जरा जास्तच केलं असं कबूल केलं आणि पुढच्याच महिन्यात ती २८,००० वर आणली. मेल छोटा लिहा: मेंबर नंबर, किती वर्षं उडताय, मागच्या वर्षी किती रुपये दिले, आधी किती पॉइंट्स लागायचे, आता किती, आणि पुढचं बुकिंग दुसरीकडे केलंत तर त्याची रक्कम.