उपग्रहाचे इंटरनेट घेताना आणि तारेच्या इंटरनेटला दोष देताना या चुका टाळा

इंदूरमध्ये राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्या आणि महूच्या पुढे, चोरलच्या बाजूला शेतघर बांधलेल्या कुटुंबांना सध्या एकच प्रश्न पडतो, तो म्हणजे गच्चीवर डिश बसवावी की फायबरची तार ओढून घ्यावी. उत्तर शोधताना बहुतेक जण केवळ एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट येतात याचा, आकडा पाहतात आणि तेथेच फसतात.

उपग्रहाचे सर्व इंटरनेट एकाच जातीचे असते, ही समजूत सर्वांत महाग पडते. भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून आकाशात एकाच जागी स्थिर दिसणारा, उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर असतो. आपली मागणी वर जाऊन खाली येते आणि उत्तरही त्याच वाटेने परतते, त्यामुळे केवळ प्रवासातच जवळजवळ अर्धा सेकंद जातो. मग वेग 50 एमबीपीएस असला, तरी पुण्यातल्या मुलीशी व्हिडिओवर बोलताना दोघेही एकाच वेळी बोलू लागतात आणि दोघेही एकाच वेळी थांबतात. ही अडचण अधिक महागडा प्लॅन घेऊन सुटत नाही. साधारण 550 किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या सेवेत हा विलंब पुष्कळच कमी असतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी उपग्रह कोणत्या कक्षेतला आहे, हे विचारून घ्यावे.

दुसरी चूक डिशच्या जागेची. इस्रोच्या जीसॅट-11 सारख्या 74 अंश पूर्व रेखांशावरील भूस्थिर उपग्रहासाठी इंदुरात डिश जवळजवळ थेट दक्षिणेकडे आणि क्षितिजापासून सुमारे 63 अंश वर रोखावी लागते, त्यामुळे तेवढी एक दिशा मोकळी असली तरी भागते. खालच्या कक्षेतले उपग्रह मात्र सतत सरकत असल्याने त्यांना आकाशाचा मोठा पट्टा लागतो. उन्हाळ्यात छाटलेले झाड पावसाळ्यात फुटले, की दर काही मिनिटांनी जोडणी तुटू लागते आणि दोष विनाकारण राउटरला दिला जातो. जोरदार सरीत सिग्नल मंदावणे मात्र स्वाभाविक आहे. अशा वेळी डिश हलवू नये, सर ओसरू द्यावी.

तारेच्या जोडणीत गफलत वेगळीच असते. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून 5 गिगाहर्ट्झचे वायफाय नीट पार होत नाही, आणि आपण मात्र तक्रार केबलवाल्याकडे करतो. आधी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. तेथे वेग पुरेसा आला, तर दोष घरातला आहे. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा, म्हणजे सिग्नल पोहोचत नसल्याचा, लाल दिवा लागला असेल, तर बहुधा तार तुटली आहे किंवा दाराच्या फटीत दुमडली आहे, आणि राउटर दहादा बंद-चालू करून उपयोग नाही. शिवाय 100 एमबीपीएसवर फाइल सेकंदाला सुमारे 12 मेगाबाइटच उतरते, कारण 8 बिटांचा एक बाइट होतो. यात फसवणूक नाही.

वीज हा मुद्दा सहसा विसरला जातो. फायबरचा डबा आणि राउटर मिळून थोड्या वॅटवर चालतात, तर खालच्या कक्षेची डिश त्याच्या कितीतरी पट वीज अखंड घेते. माझ्या मते शहरात जेथे फायबर दारापर्यंत आलेले आहे, तेथे डिशचा विचारच करू नये; चोरलच्या शेतघरात ती घ्यायची असेल, तर आधी तेथील इन्व्हर्टरची बॅटरी किती तास पुरते, ते पाहावे.